यंत्राच्या पोटांतील संगणक



संगणक म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें कांचेचा पडदा आणि अक्षरांच्या कळांची पाटी उभी राहते. परंतु जगांतील बहुसंख्य संगणकांना पडदा नाहीं, पाटी नाहीं, आणि त्यांच्यासमोर बसून काम करणारा माणूसहि नाहीं. ते पाण्याच्या पंपांत, कापडाच्या मागांत, औषधाच्या बाटल्या भरणाऱ्या यंत्रांत, आपल्या इमारतीच्या लिफ्टमध्यें निमूटपणें बसलेले असतात. यंत्राच्या पोटांत कायमचे बसविलेले म्हणून त्यांना अंतर्भूत संगणक म्हणतात. त्यांच्या हुशारीचें वर्णन करण्यासाठीं मी आज आपल्यापुढें आलेलों नाहीं. तें काम इतर पुष्कळजण करीत आहेत. मला एक साधा प्रश्न विचारावयाचा आहे. रात्रपाळीला असें एखादें यंत्र बंद पडलें, तर तें दुरुस्त कोणाला करतां येतें? हे संगणक अखंड न घडवितां सुट्या खंडांचे कां घडविले गेले, याचा इतिहास या एका प्रश्नाभोंवतीं फिरतो असें मला वाटतें.

या कथेचा महत्त्वाचा भाग अमेरिकेंतील मिशिगन राज्यांत घडला. जनरल मोटर्स या मोटारी बनविणाऱ्या कंपनीचा हायड्रामॅटिक नांवाचा एक विभाग तेथें होता. मोटारीचे गिअर आपोआप बदलणारी पेटी हा विभाग तयार करीत असे. अशा पेटीचे भाग कापणें, त्यांना भोंकें पाडणें, ते घासून गुळगुळीत करणें हीं कामें ओळीनें मांडलेलीं यंत्रें करीत. एका यंत्रानें आपलें काम संपविल्याशिवाय दुसऱ्यानें सुरू करावयाचें नाहीं. हत्यार मागें आल्याखेरीज नग पुढें सरकावयाचा नाहीं. कामगाराचा हात धोक्याच्या जागीं असेल तर कांहींच हलावयाचें नाहीं. असे शेकडों नियम क्षणोक्षणीं पाळले जावे लागत, आणि ते पाळविण्याचें काम रिले करीत.

रिले म्हणजे काय तें दोन शब्दांत सांगतों. लोखंडाच्या गाभ्याभोंवतीं तारेचें वेटोळें गुंडाळलेलें असतें. वेटोळ्यांतून वीज गेली कीं गाभा चुंबक बनतो, समोरची पट्टी ओढून घेतो, आणि त्या पट्टीबरोबर विजेचा दुसरा एखादा मार्ग जुळतो किंवा तुटतो. शाळेच्या प्रयोगशाळेंत ज्यांनीं विजेची घंटा उघडून पाहिली आहे त्यांनीं रिले पाहिल्यासारखाच आहे. आतां गंमत अशी कीं, दोन रिलेंचे स्पर्श एकापुढें एक जोडले तर 'हें आणि तें दोन्ही झालें असेल तरच' असा नियम तयार होतो. तेच शेजारीं शेजारीं जोडले तर 'हें किंवा तें' असा होतो. तर्कशास्त्र तांब्याच्या तारेंत उतरविण्याची ही युक्ति. कारखान्यांतील वीजकामगार हे नियम कागदावर एका विशिष्ट रीतीनें काढीत. दोन बाजूंस दोन उभ्या रेघा, आणि त्यांच्यामध्यें आडव्या रेघांवर स्पर्श व वेटोळीं. चित्र दिसतें शिडीसारखें, म्हणून त्याला शिडीचें चित्र म्हणत. या शिडीची आठवण ठेवावी. पुढें तिचें काम आहे.

रिलेंचा दोष असा कीं, त्यांत नियम तारेंतच राहतो. नियम बदलावयाचा म्हणजे तार बदलावयाची. शिवाय स्पर्श ठिणग्यांनीं जळतात, त्यांवर धूळ बसते, आणि शेंकडों रिलेंतील नेमका कोणता रुसला आहे हें शोधण्यांत सबंध पाळी जाते. त्या काळीं अमेरिकेंत दरवर्षीं मोटारींचे नवे नमुने काढण्याची चाल होती. नमुना बदलला कीं यंत्रांचा क्रम बदले, आणि मग भिंतीएवढ्या कपाटांतील तारा उपसून नव्यानें ओढाव्या लागत, नाहीं तर तें कपाटच मोडींत काढून नवें करावें लागे.

मग तेथें संगणक कां बसविला नाहीं? साठच्या दशकांत संगणक होतेच कीं. पण त्यांना थंड, स्वच्छ खोली लागे. कारखान्यांत तेलाचे शिंतोडे, हादरे, धूळ आणि मोठमोठ्या मोटरींमुळें विजेंत होणारी खळबळ. आणि त्याहून मोठी अडचण माणसाची होती. संगणक अडला तर त्याची भाषा जाणणारा तज्ज्ञ बोलवावा लागे. रात्रीं दोन वाजतां हातांत पक्कड घेऊन उभा असलेला वीजकामगार त्यापुढें अगदीं निरक्षर ठरला असता. ज्याच्या हातीं वीस वर्षें यंत्र होतें त्याच्या हातून तें काढून घ्यावयाचें आणि गांवाबाहेरच्या पंडिताच्या स्वाधीन करावयाचें, असा हा व्यवहार झाला असता.

सुट्या खंडांची कल्पना मात्र तोंपर्यंत दुसरीकडे मूळ धरून होती. केन ओल्सन व हार्लन अँडरसन या दोघांनीं १९५७ सालीं मॅसॅच्युसेट्स राज्यांतील मेनार्ड गांवीं, लोकरीच्या एका जुन्या गिरणींत, डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन ही कंपनी काढली. भांडवल ७०,००० डॉलर. भांडवल पुरविणाऱ्यांना संगणकाच्या धंद्याचीच धास्ती वाटत होती. म्हणून कंपनीच्या पहिल्या मालांत संगणक नव्हता. विजेच्या मंडलांचे सुटे, पण आपापल्या परीनें पूर्ण असे खंड होते. इंग्रजींत त्यांना मॉड्यूल म्हणतात. प्रयोगशाळांनीं ते विकत घ्यावेत, आपसांत जोडावेत, हवें तें उपकरण उभें करावें. पुढें त्याच धर्तीच्या खंडांतून कंपनीचा पहिला संगणक पीडीपी-१ तयार झाला. भांडवलदारांच्या भीतीनेंहि कधीं कधीं शास्त्राचें कल्याण होतें, तें असें.

१९६८ सालीं हायड्रामॅटिक विभागानें रिलेंच्या कपाटांना पर्याय मागितला. मागणी नेमकी होती. नियम सहज बदलतां आले पाहिजेत. कारखान्याच्या हवेंत यंत्र टिकलें पाहिजे. रिलेंच्या कपाटाहून तें लहान असावें व किंमतींत त्याच्या बरोबरीनें उतरावें. आणि देखभाल सोपी व्हावी म्हणून तें खोबणींत बसविण्याजोग्या सुट्या खंडांचें असावें. ही शेवटची अट वाचली म्हणजे ती कोणाच्या अनुभवांतून आली असेल हें निराळें सांगावयास नको. बंद पडलेल्या यंत्रापाशीं उभें राहून ज्यानें रात्र काढली आहे त्यालाच ती सुचते.

मॅसॅच्युसेट्समधील बेडफर्ड असोसिएट्स या लहानशा मंडळींची योजना पसंत झाली. त्यांच्यांतील डिक मोर्ले यांनीं अशा यंत्राचा आराखडा १९६८ च्या जानेवारीच्या पहिल्या तारखेस लिहून काढला होता. प्रत्येक गिऱ्हाइकासाठीं तेंच तें नियंत्रण पुन्हां पुन्हां नव्यानें जुळविण्याचा त्यांना कंटाळा आला होता. (आळसाला आपण शाळेंत उगाच शिक्षा करीत आलों; त्याचेहि दोन प्रकार असतात.) १९६९ सालीं जें यंत्र तयार झालें तें त्या मंडळींचें चौऱ्यायशींवें काम होतें म्हणून त्याला ०८४ असा क्रमांक मिळाला, आणि नांव पडलें मॉडिकॉन. मॉड्यूलर, डिजिटल व कंट्रोलर या तीन शब्दांचीं आद्याक्षरें जोडून तें केलेलें आहे. सुटेपणा हा या यंत्राच्या नांवांतच, आणि तोहि प्रथमस्थानीं आहे.

त्याच कामासाठीं डिजिटल कंपनीनेंहि पीडीपी-१४ नांवाचें यंत्र पुढें केलें होतें. पण त्यांतील नियम तारा ओवून केलेल्या कायम स्वरूपाच्या स्मृतींत असत; नियम बदलले म्हणजे ती स्मृति नव्यानें ओवून आणावयाची. सुटे खंड विकून जी कंपनी वर आली तिनेंच, जो भाग सर्वांत वारंवार बदलणारा तोच बदलण्यास कठीण करून ठेवावा, याचें मला नेहमीं नवल वाटतें. मॉडिकॉनमध्यें नियम चुंबकीय स्मृतींत लिहिले जात आणि जागच्या जागीं बदलतां येत.

परंतु मोर्ले व त्यांचे सहकारी यांची खरी दूरदृष्टि, माझ्या मतें, दुसरीकडेच दिसते. नव्या यंत्राशीं बोलण्यासाठीं त्यांनीं नवी भाषा लादली नाहीं. वीजकामगाराची शिडीच त्यांनीं संगणकाला शिकविली! दोन उभ्या रेघा, मधें आडव्या पायऱ्या, पायरीवर स्पर्श आणि वेटोळीं. खरा रिले तेथें एकहि नाहीं. पण कामगारानें रेघ काढली कीं संगणक ती जणूं तार आहे असें समजून वागतो. तो सर्व स्पर्शांची स्थिति एकदां वाचून घेतो, शिडी वरपासून खालपर्यंत सोडवितो, उत्तरें बाहेर पाठवितो आणि पुन्हां पहिल्या पायरीवर येतो. जात्याचा पाळू जसा एकाच खुंट्याभोंवतीं फिरत राहतो तसा हा फेरा अखंड चालू असतो. कामगाराला स्वतःचें ज्ञान टाकून द्यावें लागलें नाहीं. पुढें १९९३ सालीं अशा यंत्रांच्या भाषांविषयीं आंतरराष्ट्रीय नियमावली निघाली, तींतहि या शिडीला मानाचें पान मिळालें, आणि आजहि कारखान्यांत ती वापरली जाते.

आतां सुट्या खंडांचा प्रत्यक्ष उपयोग पाहूं. या जातीच्या यंत्रांची जी घडण पुढें रूढ झाली तींत एका चौकटींत ओळीनें खण असतात. एका खणांत विचार करणारा भाग, एकांत वीज पुरविणारा, आणि उरलेल्या खणांत बाहेरच्या जगाशीं बोलणारे खंड. कांहीं खंड यंत्रावरील कळांचे व स्पर्शांचे निरोप आंत आणतात. कांहीं आंतील हुकूम मोटरींना व झडपांना पोंचवितात. बाहेरचा विजेचा दाब मोठा, आंतला अगदीं नाजूक. दोहोंच्या मधें हा खंड उंबरठ्यासारखा उभा असतो. बाहेर कांहीं भडका उडाला तर बहुधा हा उंबरठाच जळतो, घर वांचतें. प्रत्येक निरोपासाठीं खंडावर एक बारीक दिवा असतो. कळ दाबली आणि दिवा लागला नाहीं, तर दोष कळेंत, तारेंत किंवा त्या खंडांत. दिवा लागूनहि यंत्र हललें नाहीं, तर दोष पुढें आहे. म्हणजे निम्मी परीक्षा नुसत्या डोळ्यांनीं होते. जळका खंड ओढून काढावयाचा, फडताळांतील नवा तेथें बसवावयाचा. जळक्या खंडांत नेमकें काय बिघडलें हें दुसऱ्या दिवशीं उजेडांत, चहा घेऊन, सावकाश पाहतां येतें. आणि दहा निरनिराळ्या यंत्रांत एकाच जातीचे खंड असतील तर दहांसाठीं मिळून एकदोन जादा नग पुरतात; भांडवल फडताळांत अडकून पडत नाहीं. कारखाना वाढला तर रिकाम्या खणांत भर घालावयाची, जुनें मोडावयाचें नाहीं.

हर्बर्ट सायमन या अमेरिकन विद्वानानें १९६२ सालच्या एका निबंधांत दोन घड्याळजींची गोष्ट सांगितली आहे. एकाचें नांव होरा, दुसऱ्याचें टेंपस. (आपल्या पंचांगांतला होरा आणि हा होरा, दोहोंचें मूळ ग्रीक.) दोघांचींहि घड्याळें सुमारें हजार भागांचीं. टेंपस तीं एकसंध जुळवी. मधेंच गिऱ्हाइकाची हांक आली कीं हातांतलें अर्धवट घड्याळ सुटून पुन्हां सगळे भाग विखरत. होरा दहा दहा भागांचे टिकाऊ जुडगे करी, तसल्या दहा जुडग्यांचा मोठा गट करी, आणि दहा गटांचें घड्याळ. हांक आली तर त्याचा एखादाच लहान जुडगा सुटे. होरा श्रीमंत झाला, टेंपसचें दुकान बसलें. गोष्ट सुंदर आहे, पण ती घड्याळ बनविणाराची आहे. कारखान्याला पडणारा प्रश्न घड्याळ वापरणाराचा असतो. बनविणारा सोयीसाठीं जुडगे करील आणि शेवटीं सगळे एकत्र चिकटवून टाकील. त्यांत होराचा फायदा झाला, गिऱ्हाइकाचा कांहींच नाहीं. हा भेद लक्षांत न घेतल्यानें सुटेपणाच्या स्तुतींत पुष्कळ गोंधळ होतो.

सुटेपणा सर्वत्र हिताचाच असेंहि समजूं नये. जेथें जोड तेथें दुबळी जागा. चंद्राकडे जावयाच्या अपोलो यानांतील संगणकाविषयीं आरंभीं असा बेत होता कीं, जादा खंड बरोबर न्यावेत आणि एखादा बिघडला तर अंतराळवीरांनींच तो प्रवासांत बदलावा. पण १९६३ च्या मे महिन्यांत गॉर्डन कूपर यांच्या मर्क्युरी यानांत ओलाव्यामुळें विजेचीं उपकरणें दगा देऊं लागलीं. उघडतां येणारें तें ओलाव्यालाहि उघडें, हें ध्यानीं आल्यावर तो बेत सोडून देण्यांत आला, आणि पुढच्या घडणींत संगणक पक्का बंदिस्त केला गेला. दोन आठवड्यांच्या प्रवासाला तें योग्यच होतें. वीस वर्षें चालावयाच्या कारखान्याला तें योग्य ठरलें नसतें.

१९७१ च्या नोव्हेंबरांत इंटेल कंपनीनें ४००४ हा एका चकतीवरचा विचारयंत्राचा गाभा बाजारांत आणला. मुळांत तो बिझिकॉम या जपानी कंपनीच्या आंकडेमोडीच्या यंत्रासाठीं घडविलेला. त्यांत सुमारें २,३०० ट्रान्झिस्टर होते. त्यानंतर संगणक इतका लहान व स्वस्त होत गेला कीं तो कोणत्याहि यंत्राच्या पोटांत मावूं लागला. पण या प्रगतीबरोबर एक नवी अडचण आली. लोखंडाचें यंत्र वीस-तीस वर्षें चालतें, आणि त्याचा मेंदू बनविणारे कारखानदार दोन-चार वर्षांनीं नवी जात काढून जुनीचें उत्पादन हळूहळू थांबवितात. शरीर धडधाकट आणि मेंदू मात्र बाजारांत मिळत नाहीं, अशी ही विचित्र अवस्था!

यावरचा उपाय पुन्हां सुटेपणांतच सांपडला; मात्र या वेळीं त्यांत एका गोष्टीची भर पडली. जोडाचें माप सर्वांसाठीं जाहीर करण्याची. १९८१ सालीं मोटोरोला, मॉस्टेक व सिग्नेटिक्स या कंपन्यांनीं व्हीएमई नांवाची जोडणी सर्वांना मोकळी करून दिली. १९९२ सालीं पीसी-१०४ ही मंडळी एकत्र आली. त्यांचा खंड ९० मिलिमीटर रुंद व ९६ मिलिमीटर लांब. १०४ खिळ्यांच्या जोडानें ते एकावर एक, डब्याच्या पुडांसारखे रचावयाचे. २००५ सालीं कॉम एक्स्प्रेस ही नियमावली निघाली. तिची कल्पना मला फार समंजस वाटते. विचार करणारा भाग व त्याची स्मृति एका लहान पाटीवर. आणि त्या विशिष्ट यंत्राला लागणारे सर्व जोड खालच्या मोठ्या पाटीवर. मेंदूची जात कालबाह्य झाली तर वरची पाटी बदलावयाची. खालची, जिच्यांत यंत्राचें सारें वैशिष्ट्य आहे, ती तशीच राहते. विक्रेत्यांच्या पत्रकांत हें काम चुटकीसरशीं होतें. प्रत्यक्षांत आज्ञावली पुन्हां तपासावी लागते, उष्णतेचा हिशेब नव्यानें करावा लागतो. तरीहि सबंध यंत्र फेंकण्यापुढें हा त्रास कांहींच नव्हे.

जोड जाहीर असणें याला मी इतकें महत्त्व कां देतों, याचें कारण अगदीं घरगुती आहे. आमच्या इमारतीच्या लिफ्टचें नियंत्रण पूर्वीं रिलेंचें होतें. तें खडखड वाजे, पण एक वयस्क मिस्त्री येऊन कानस मारून तें चालूं करून जाई. नंतर त्या जागीं एक सुबक एकसंध पाटी आली. एका पावसाळ्यांत तिच्यावरचा केवळ एक कोपरा जळाला. कोणत्या मजल्यावर थांबावें हें ठरविणारा भाग शाबूत होता. फक्त दाराला हुकूम देणारा गेला होता. पण पाटी अखंड, तिचे जोड गुप्त, आणि ती बनविणें बंद झालेलें. सबंध नियंत्रण बदला, असें उत्तर मिळालें. वर्गणी गोळा होऊन नवें येईपर्यंत सात आठवडे गेले. चौथ्या मजल्यावरच्या एक आजी गुडघ्यांमुळें त्या सात आठवड्यांत एकदांहि खालीं उतरल्या नाहींत. मिस्त्री येऊन पाटीकडे पाहून गेला. त्याला दोष कोठें आहे हें बरोबर कळलें होतें. हात घालावयास जागा नव्हती.

याच्या उलट उदाहरण मॉडिकॉनच्याच घरचें आहे. त्यांनीं १९७९ सालीं आपल्या यंत्रांनीं एकमेकांशीं बोलावयाची रीत मॉडबस या नांवानें प्रसिद्ध केली. रीत इतकी साधी आणि उघडी कीं प्रतिस्पर्ध्यांनींहि ती उचलली. आज एका देशाचें तापमापक दुसऱ्या देशाच्या नियंत्रकाशीं याच भाषेंत बोलतांना सांपडतें. ती रचणाऱ्यांनीं भोळेपणानें एक गोष्ट गृहीत धरली होती, कीं तारेवर बोलणारा प्रत्येकजण घरचाच असेल. म्हणून आलेल्या हुकुमाची ओळख विचारण्याची सोय तींत नव्हती. कारखान्यांचे संगणक बाहेरच्या जगाशीं जोडले जाऊं लागल्यावर हा विश्वास महाग पडूं लागला. इराणमधील नतांझ येथें सीमेन्स कंपनीच्या अशाच जातीच्या नियंत्रकांतील आज्ञा गुपचूप बदलणारी स्टक्सनेट नांवाची कृत्रिम कीड २०१० सालीं उघडकीस आली, तेव्हां नियम तारेंतून निघून स्मृतींत गेल्याची दुसरी बाजू जगाला दिसली. तार बदलावयास माणूस कपाटापाशीं यावा लागे. स्मृति दुरूनहि बदलतां येते. या धोक्यावर जोड गुप्त ठेवणें हा उपाय आहे असें कांहीं म्हणतात. मला तें पटत नाहीं. नतांझच्या नियंत्रकाचे जोड मॉडबसइतके उघडे नव्हते. कुलूप निराळें आणि दारच भिंतींत चिणून टाकणें निराळें.

पहिल्या ०८४ यंत्रांपैकीं एक जनरल मोटर्सच्या कामावर जवळजवळ वीस वर्षें खंड न पडतां चालू होतें. त्याला निवृत्त करण्यांत आलें तेव्हां तें मोडींत न घालतां कंपनीनें बनविणाऱ्यांना परत भेट दिलें. मॉडिकॉन मधल्या काळांत हस्तांतरें होत होत श्नायडर या फ्रेंच कंपनीकडे गेली, आणि तें यंत्र मॅसॅच्युसेट्समधील नॉर्थ अँडोव्हर येथें तिच्या इमारतींत लोकांना पाहण्यासाठीं मांडून ठेवण्यांत आलें.